वाय-फाय कार्ड जळालेलं नाही, ड्रायव्हर उशिरा पोहोचतोय

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. तिथला जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टीम. १२० जीबीची एसएसडी, तिचे दोन भाग: २५ जीबी रूटला, म्हणजे सिस्टीमच्या फाइलींना, उरलेली /होमला, म्हणजे आपल्या फाइलींना. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (त्या कप्प्यात डिस्क बसवायच्या साच्यात) १ टीबीची जुनी हार्ड डिस्क बसवलेली, ती /एमएनटी/डेटा इथे माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरातून उघडते. रूट भरत आली, जागा संपल्याचे इशारे येऊ लागले, म्हणून एक व्हिडिओ बघून /लिब/मॉड्यूल्स (ड्रायव्हरच्या फाइली), /लिब/फर्मवेअर (उपकरणांच्या आत भरायचे प्रोग्रॅम) आणि अख्खं /व्हार (सिस्टीमच्या सतत बदलणाऱ्या फाइली) मोठ्या डिस्कवर हलवलं आणि जुन्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारे दुवे, ठेवले. रिस्टार्ट केल्यावर वाय-फाय नाही, आवाज नाही, ब्लूटूथ नाही, टचपॅड हलत नाही, स्क्रीनवरची अक्षरं फुगून बसली, प्रिंटर दिसतो पण छापत नाही. रिपेअरिंगवाल्याने सांगितलं की वाय-फाय कार्ड गेलं, बहुतेक मदरबोर्डही. शेवटी विचारणाऱ्याने एक ओळ जोडली आहे: "यूएसबीचा वाय-फाय डोंगल मशीन चालू झाल्यावर खोचला तर चालतो, आधीपासून खोचलेला असला तर चालत नाही. भाऊ, मशीन मरी गयं का?"

नाही मेलं. आणि ते मेलेलं नाही हे तुमच्या त्या डोंगलच्या ओळीतच आलंय. रिपेअरिंगवाल्याने ती ओळ 'यूएसबी पोर्ट वीक आहे' म्हणून सोडून दिली असेल, पण सगळ्या प्रश्नात कामाची ओळ तीच आहे. पोर्ट खराब असता तर डोंगल केव्हाही खोचला तरी अडला असता. बूट होताना चालत नाही आणि नंतर चालतो, म्हणजे बिघाड वस्तूत नाही, वेळेत आहे.

(कमांडची नावं आणि पाथ मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.)

आधी एक खात्री करून घ्या, म्हणजे मनातली कार्ड बदलायची भीती जाईल. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच लावा आणि इन्स्टॉल न करता लाइव्ह चालू करा. लाइव्ह सिस्टीम तुमच्या डिस्कवरचा एकही ड्रायव्हर वापरत नाही, सगळं स्वतःचं आणते. तिथे वाय-फायची नावं दिसली, गाणं वाजलं, टचपॅड हलला, तर कार्ड, साउंड चिप आणि मदरबोर्ड तिन्ही ठणठणीत आहेत. लिनक्सच्या मशीनवर कुठलाही पार्ट बदलायच्या आधी ही चाचणी झालीच पाहिजे असं माझं मत आहे. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

आता नेमकं काय होतंय ते बघू. मशीन चालू केलं की ग्रब हा सुरुवातीचा प्रोग्रॅम /बूटमधून दोन गोष्टी उचलतो: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि इनिटरॅमएफएस. इनिटरॅमएफएस म्हणजे मेमरीत उघडणारी एक छोटी फाइल सिस्टीम. तिच्यात रूट डिस्क शोधण्यापुरते ड्रायव्हर आधीच कॉपी करून ठेवलेले असतात. साटाचे (डिस्कच्या जोडणीचे), फाइल सिस्टीमचे, कीबोर्डचे. म्हणून तुमचा कीबोर्ड आणि यूएसबी माउस चालतोय. त्यांचा ड्रायव्हर हलवलेल्या फोल्डरमधून आलेलाच नाही. रूट माउंट झाली की कारभार सिस्टमडीकडे, म्हणजे बाकी सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जातो. सिस्टमडी लगेच उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्हला उठवतो आणि यूडेव्ह मशीनमधल्या प्रत्येक उपकरणापाशी जाऊन त्याचा कोड विचारतो. त्या कोडला कुठलं मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) लागतं, हे /लिब/मॉड्यूल्समधल्या कर्नलच्या आवृत्तीच्या फोल्डरात, मॉड्यूल्स-डॉट-अलायस या यादीत लिहिलेलं असतं.

गोची इथे होते. यूडेव्हची ही फेरी चालू असताना तुमची १ टीबीची डिस्क माउंट झालेली नसते. एफएसटॅबमधल्या (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीतल्या) बाकीच्या डिस्क त्यानंतर लागतात. त्यातून जुनी हार्ड डिस्क, ती आधी फिरून वेग धरणार, मग तिची एफएससीके तपासणी होणार. सिमलिंक आहे, पण त्याच्या टोकाला रिकामं फोल्डर. यूडेव्हला यादी सापडत नाही, तो पुढच्या उपकरणाकडे जातो, आणि फेरी आटोपते. काही सेकंदांनी डिस्क लागते, मॉड्यूल्स दिसू लागतात, पण कोणी परत विचारायला येत नाही. बाजार समितीत लिलाव आटोपल्यावर कापसाची गाडी आवारात शिरावी तसं हे आहे. कापूस चांगला, गाडी चांगली, बोली लावणारे उठून गेले. डोंगल नंतर खोचला की त्या एका वस्तूसाठी नवी फेरी निघते, तोवर डिस्क लागलेली असते, म्हणून तो चालतो.

हे ताडून बघायला टर्मिनल उघडा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. वाय-फाय कार्डाची ओळ शोधा. समजा कार्ड रियलटेकचं आरटीएल८७२३बीई असेल, तर ओळीच्या शेवटी चौकटी कंसात १०ईसी:बी७२३ असा कोड दिसेल. १०ईसी म्हणजे रियलटेक. त्या ओळीखाली एरवी दोन गोष्टी असतात: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि 'कर्नल मॉड्यूल्स'. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने दुसरी ओळ असेल आणि पहिली नसेल. म्हणजे कुठलं मॉड्यूल लागतं हे आत्ता, डिस्क लागल्यानंतर, सिस्टीमला माहीत आहे. पण ज्या क्षणी ते लावायचं होतं तेव्हा ते सापडलं नाही. कार्ड खरंच जळालेलं असतं तर बहुतेक वेळा ही ओळच यादीत नसती.

मग 'सुडो मॉडप्रोब' आणि पुढे त्या मॉड्यूलचं नाव द्या, वरच्या उदाहरणात आरटीएल८७२३बीई. वाय-फाय आलं की निदान पक्कं झालं. सगळंच एकदम परत आणायचं तर आधी 'सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट सिस्टमडी-यूडेव्हडी' आणि मग 'सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर --ॲक्शन=ॲड'. दुसऱ्या कमांडने यूडेव्ह सगळ्या उपकरणांपाशी नव्याने फेरी मारतो. आवाज, टचपॅड, ब्लूटूथ बहुतेक जागेवर येतील. स्क्रीनसाठी मात्र उघडी कामं सेव्ह करून डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) परत सुरू करावा लागतो, कारण डेस्कटॉप आधीच साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे खास ड्रायव्हरशिवायच्या कामचलाऊ चित्रावर, चढून बसलेला असतो. आज दुकान चालवायला एवढं पुरेल.

याच दोन कमांड स्टार्टअपला टाकून मोकळं व्हा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. दुकानातला जुगाड म्हणून तो चार दिवस चालेल, पण मग तुमचा प्रत्येक ड्रायव्हर कॅडीतल्या जुन्या हार्ड डिस्कच्या भरवशावर राहील. कॅडीचा कनेक्टर जरा सैल झाला की वाय-फायपासून स्क्रीनपर्यंत सगळं एका झटक्यात गायब, आणि तुम्ही परत रिपेअरिंगच्या दुकानात. त्याहून वाईट म्हणजे, कधी डिस्क लागलेली नसताना कर्नलचं अपडेट आलं किंवा 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चाललं, तर रिकाम्या फोल्डरवरून नवी इनिटरॅमएफएस तयार होईल. तिच्यात साटाचाही ड्रायव्हर नसेल. मग पुढच्या वेळी रूटसुद्धा सापडणार नाही.

तुमच्या पार्टिशनच्या यादीत ईएफआयचा भाग दिसत नाही, म्हणजे लॅपटॉप लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट होतो. त्यामुळे निदान डेस्कटॉपपर्यंत तरी पोहोचलात. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या मशीनवर हाच प्रकार केला की कधीकधी /बूट/ईएफआय माउंट होताना लागणारं एखादं मॉड्यूल सापडत नाही आणि मशीन सरळ इमर्जन्सी मोडमध्ये उतरतं. हे वाचणाऱ्या कोणाचं तसं झालं असेल तर कारण हेच तपासा, दुरुस्ती खालीलप्रमाणेच.

फर्मवेअरचं थोडं निराळं आहे. मॉड्यूल सापडलं नाही तर यूडेव्ह गप्प राहतो, लॉगमध्ये सहसा तक्रार येत नाही, आणि म्हणूनच माणूस हार्डवेअरवर संशय घेतो. फर्मवेअर सापडलं नाही तर कर्नल ओरडतो. 'सुडो डीएमईएसजी' चालवून त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२' अशी ओळ मिळाली तर उणे दोनचा अर्थ फाइल त्या जागी नाही. उणे तेरा असेल तर फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही. कर्नल फर्मवेअर ठरलेल्या जागीच शोधतो: /लिब/फर्मवेअर, त्यातलं अपडेट्स, आणि त्या दोन्हींतलं कर्नलच्या आवृत्तीचं फोल्डर. ही जागा बदलायला फर्मवेअर_क्लास-डॉट-पाथ नावाचा कर्नल पॅरामीटर आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. डिस्क उशिरा लागायचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

मॉड्यूलच्या बाबतीत एक बोलका पुरावा मात्र असतो. 'सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड' बघा. प्रिंटिंगच्या पॅकेजने एलपी, पीपीडेव्ह आणि पारपोर्ट_पीसी ही तीन मॉड्यूल्स सुरुवातीलाच मागून ठेवलेली असतात. तिथे लाल अक्षरात 'फेल्ड टू फाइंड मॉड्यूल' आलं असेल तर बूटच्या वेळी मॉड्यूल्सचं फोल्डर रिकामं होतं, यात शंका उरत नाही.

आता दुरुस्ती. मॉड्यूल्स आणि फर्मवेअर रूटवर परत आणायचे. पण रूट भरलेली आहे, म्हणून आधी जागा करू. 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' चालवा. त्यातला एक्स महत्त्वाचा, तो नसला तर /होम आणि डेटा डिस्कही मोजल्या जातात आणि काहीच कळत नाही. मिंटच्या मशीनवर रूट भरली असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा टाइमशिफ्ट बघतो. सिस्टीमचे स्नॅपशॉट घेणारं हे ॲप मिंट पहिल्याच दिवशी चालू करायला सुचवतं, आणि दुसरी डिस्क दाखवली नसेल तर स्नॅपशॉट रूटवरच, /टाइमशिफ्ट फोल्डरात साठत जातात. बहुतेक तुमची जागा तिथे गेली आहे. टाइमशिफ्टच्या खिडकीतूनच जुने स्नॅपशॉट काढा, फाइल मॅनेजरमधून नको, आणि ठिकाण बदलून डेटा डिस्क करा. स्नॅपशॉट ही मोठ्या डिस्कवर न्यायला अगदी योग्य वस्तू आहे, बूट होताना तिची कोणाला गरज लागत नाही.

बाकी किरकोळ: 'सुडो एपीटी क्लीन' ने डाउनलोड झालेली पॅकेजं जातात, 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ने जुने कर्नल. जुन्या कर्नलकडे दुर्लक्ष करू नका, प्रत्येकाचं मॉड्यूल्सचं फोल्डर काही शे एमबी खातं. सिस्टमडीचा जर्नल (नोंदवही) आपण होऊन फाइल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढतो; 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' ने तो आटोक्यात येतो. एपीटीची पॅकेजं आणि जर्नल दोन्ही /व्हारमध्ये असतात, म्हणजे सध्या तुमच्या डेटा डिस्कवर. तरी /व्हार परत आणायच्या आधीच ती साफसफाई करून घ्या.

पुढचं काम लाइव्ह पेन ड्राइव्हवरून करा, चालत्या सिस्टीमखालून तिचेच ड्रायव्हर ओढू नका. लाइव्हमध्ये तुमची रूट /एमएनटीवर माउंट करा आणि डेटा डिस्क दुसरीकडे, समजा /मीडिया/डेटा. इथे एक सापळा आहे. तुमचा सिमलिंक /एमएनटी/डेटा असा पूर्ण पाथ सांगतो, आणि लाइव्हमध्ये /एमएनटी म्हणजे तुमची रूट झालेली आहे. म्हणजे तोच सिमलिंक आता भलतीकडे बोट दाखवतो. सिमलिंकवर विसंबून काही कॉपी करू नका, खरा पाथ स्वतः टाइप करा. आणि सिमलिंक काढताना 'अनलिंक' कमांड वापरा. शेवटी तिरपी रेघ देऊन 'आरएम -आर' केलंत तर सिमलिंक राहायचा आणि त्याच्या टोकाचा माल जायचा.

दुसरी जपायची गोष्ट: मिंट २१मध्ये /लिब हे स्वतःच यूएसआर/लिबकडे जाणारा सिमलिंक आहे. तो हलवू नका, त्याच्या जागी फोल्डर बनवू नका. लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांपैकी फेडोराने /लिब आणि /यूएसआरचं हे एकत्रीकरण २०१२मध्ये १७व्या आवृत्तीत केलं, डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीत ते सक्तीचं केलं. जुन्या व्हिडिओंत /लिब आणि /यूएसआर वेगळे धरून सांगितलेल्या कृती आजच्या सिस्टीमवर मोडतात त्या यामुळे.

सिमलिंक काढले की त्या जागी मॉड्यूल्स आणि फर्मवेअर ही रिकामी फोल्डरं बनवा आणि आरसिंकने कॉपी करा. पर्याय चार: छोटा ए, मोठा एच, मोठा ए, मोठा एक्स. छोट्या एने मालकी, परवानग्या, वेळा आणि सिमलिंक जसेच्या तसे राहतात, मोठ्या एचने हार्डलिंक, मोठ्या एने एसीएल (जादा परवानग्या), मोठ्या एक्सने जादा गुणधर्म. स्रोताच्या पाथच्या शेवटी तिरपी रेघ द्या, नाहीतर /लिब/मॉड्यूल्स/मॉड्यूल्स असं फोल्डरात फोल्डर तयार होतं आणि परत तोच खेळ.

मग डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डरं बाइंड माउंट करून (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही उघडून) रूटमध्ये सीएचरूट करा, म्हणजे तुमच्या सिस्टीमच्या आत शिरा. आता मॉड्यूल्सची यादी नव्याने बनवणारं 'डेपमॉड -ए' चालवायचं, पण नुसतं नाही. सीएचरूटमध्ये असलात तरी चालू कर्नल लाइव्ह पेन ड्राइव्हचा आहे, 'यूनेम -आर' त्याचीच आवृत्ती सांगणार. 'एलएस /लिब/मॉड्यूल्स' करून तुमच्या कर्नलची आवृत्ती बघा आणि ती डेपमॉडला हाताने द्या. त्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल'. फेडोरावाल्यांनी इथे त्याऐवजी ड्रॅकट वापरायचं, आणि एसईलिनक्सची (तिथल्या सुरक्षा यंत्रणेची) लेबलं बिघडलेली असतात म्हणून रूटमध्ये डॉट-ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल ठेवून एकदा बूट होऊ द्यायचं.

कॉपी करताना काही सुटलं असेल अशी शंका असेल तर पॅकेजंच पुन्हा टाका: लिनक्स-फर्मवेअर, आणि तुमच्या आवृत्तीचं लिनक्स-मॉड्यूल्स व लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा. उबंटू आणि मिंटमध्ये वाय-फाय आणि साउंडचे बरेच ड्रायव्हर या एक्स्ट्रा पॅकेजात असतात. ते नसलं तर मशीन उत्तम बूट होतं आणि नेमके हेच दोन गायब राहतात, त्याचा फोल्डर हलवण्याशी काही संबंध नसतो.

/व्हारचा घोळ वेगळा आहे, म्हणून मॉड्यूल्स आणल्यावरही प्रिंटर कदाचित छापणार नाही. मिंटमध्ये ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या फाइली उघडायच्या ते ठरवणारी यंत्रणा) चालू असतं आणि छपाई सांभाळणारा कप्स त्याच्या बंधनात असतो. कप्सने /व्हार/स्पूल/कप्समध्ये लिहावं अशी परवानगी आहे, पण ॲपआर्मर सिमलिंकच्या पलीकडचा खरा पाथ बघतं, आणि /एमएनटी/डेटा/व्हार/स्पूल/कप्स त्याच्या यादीत नाही. डीएमईएसजीमध्ये 'डिनाइड' या शब्दासोबत कप्सडी आणि हा पाथ दिसेल. प्रिंटरचा दोष नाही, केबलचाही नाही.

शिवाय कॉपी कशी केली यावर बरंच अवलंबून. नुसतं 'सीपी -आर' सुडोने, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या नावाने, केलं असेल तर सगळ्या फाइलींची मालकी त्या रूट युजरकडे गेली. कप्सच्या स्पूलचा (छपाईच्या रांगेच्या फोल्डरचा) गट एलपी असायला हवा. तो गेला की छपाईचे फिल्टर, जे एलपी म्हणून चालतात, त्यांना पाठवलेली फाइल वाचता येत नाही. ब्लूटूथच्या जोडणीच्या किल्ल्या /व्हार/लिब/ब्लूटूथमध्ये असतात, आणि तिथल्या फोल्डरांची नावं म्हणजे उपकरणाचे पत्ते, ज्यांत कोलन असतो. डेटा डिस्क एक्सफॅट (विंडोजवरही चालणारी) असेल तर ती नावं तिथे लिहिताच येत नाहीत, मग हेडफोन नव्याने जोडावे लागतात. आवाजाच्या पातळ्या /व्हार/लिब/अल्सामध्ये. ती फाइल हरवली तर कार्ड सापडूनही आवाज बंद असू शकतो. 'एप्ले -एल' मध्ये कार्ड दिसतंय आणि वाजत नाही असं झालं तर अल्सामिक्सर उघडा, पट्टीखाली एमएम दिसलं की कीबोर्डवरचं एम दाबा, झालं.

एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर /व्हार किंवा कुठलंही सिस्टीम फोल्डर ठेवू नका. दुकानात बाहेरची डिस्क विंडोजवरही लागावी म्हणून तशीच ठेवलेली असते हे मला माहीत आहे. तिथे प्रत्येक फाइलची वेगळी मालकी आणि परवानगी टिकत नाही, आणि त्यावरच अर्ध्या सर्व्हिसेस उभ्या असतात.

/व्हार मोठ्या डिस्कवरच ठेवायचं असेल तर ठेवता येतं, फक्त सिमलिंकने नाही. डेटा डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) असेल तर आधी मालकी नीट करून एफएसटॅबमध्ये बाइंड माउंट लिहा: स्रोत /एमएनटी/डेटा/व्हार, ठिकाण /व्हार, प्रकार नन, पर्याय बाइंड, शेवटी दोन शून्यं. सिस्टमडी हे वाचून आधी डेटा डिस्क, मग /व्हार असा क्रम स्वतः लावतो, आणि ॲपआर्मरला पाथ /व्हार असाच दिसतो. त्यासाठी रूटवरचा सिमलिंक काढून रिकामं /व्हार फोल्डर बनवायला विसरू नका. डेटा डिस्क एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने, लिहा, एसडीए-एसडीबी नावं पुढच्या बूटला बदलू शकतात. त्या ओळीवर 'नोफेल' हा पर्याय असेल तर काढा. तो असला की डिस्कची वाट न बघता सर्व्हिसेस सुरू होतात आणि आपण परत वेळेच्याच भानगडीत. लिहून झालं की 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, टायपिंगची चूक बूटच्या आधीच सापडते. आणि /व्हारमधले रन आणि लॉक हे दोन सिमलिंकच असले पाहिजेत, /रन आणि /रन/लॉककडे जाणारे. फाइल मॅनेजरने किंवा एनटीएफएसच्या वाटेवर त्यांची खरी फोल्डरं झाली असतील तर त्या वाटेने सॉकेट शोधणाऱ्या सर्व्हिसेस एकमेकांना सापडत नाहीत.

माझं ऐकाल तर /व्हारसुद्धा परत आणा. तुमच्या दुकानात जागा खाणारी वस्तू दुसरीच आहे: /होममधली गिऱ्हाइकांची स्कॅन, फोटो, पीडीएफ. ती १ टीबीवर न्या, आणि मग लाइव्हवरून जीपार्टेड या पार्टिशनच्या ॲपने /होम लहान करून रूटला १५-२० जीबी वाढवून द्या. बॅकअप घेऊनच, हे वेगळं सांगायला नको. रूट ४० जीबीच्या पुढे गेली की फोल्डर हलवायची वेळ येत नाही.

तुम्ही ओझरतं विचारलंय की पुढे /यूएसआर हलवू का. नको. सिमलिंकने तर नाहीच. सिस्टमडी स्वतः /यूएसआरमध्ये राहतो, सिमलिंकच्या टोकाला डिस्क नसेल तर मशीन पहिल्याच पायरीवर थांबेल. वेगळ्या पार्टिशनवर ठेवता येतं, कारण एफएसटॅबमध्ये असलं तर इनिटरॅमएफएस ते रूटबरोबरच माउंट करते, पण घरगुती लॅपटॉपवर त्याचा फायदा काही नाही. 'सीपी -आर' ने /यूएसआर हलवणाऱ्यांचं सुडो पहिल्यांदा मरतं: त्याचा सेटयूआयडी बिट (रूट युजरच्या हक्काने चालायची खूण) गळतो आणि सुडो चालायलाच नकार देतं. आणि जागेसाठी /यूएसआर/एसआरसी उडवू नका. एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा डीकेएमएस ड्रायव्हर असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो तिथूनच बांधला जातो. फोल्डर उडवलं तर आज काही होत नाही, पुढच्या अपडेटला वाय-फाय जातं, आणि तोवर आपण काय केलं होतं ते आठवत नाही.

हार्डवेअरचा संशय एका ठिकाणी मात्र मी ठेवीन, तो कॅडीतल्या डिस्कवर. 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' चालवून तीन आकडे बघा. रीॲलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असून वाढत असतील तर डिस्क थकली, डेटा काढून घ्या. यूडीएमए सीआरसी एरर वाढत असतील तर डिस्क नाही, जोडणी सैल आहे. स्वस्त कॅडीत हे नेहमीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून वर, आणि डीव्हीडीच्या कप्प्यात पंख्याची हवा जवळजवळ जात नाही. त्याच यादीत डिस्कचं तापमानही असतं, दुपारी दोनच्या सुमाराला ते बघा. ५५च्या वर दिसलं तर दुकान चालू असताना ती डिस्क लॅपटॉपबाहेर, यूएसबीच्या डब्यात ठेवा.

एवढं करून मशीन बंद करून परत चालू करा, नुसतं रिस्टार्ट नको. काही वाय-फाय कार्डांना पूर्ण वीज तोडल्याशिवाय अक्कल येत नाही. तरीही काही अडलं तर तीन गोष्टी पाठवा: 'एलएसपीसीआय -एनएनके' चा पूर्ण निकाल, 'नेमआय -एल /लिब/मॉड्यूल्स /लिब/फर्मवेअर /व्हार' चा निकाल, आणि 'सुडो जर्नलसीटीएल -बी -के' ची टेक्स्ट फाइल. नेमआय पाथचा एकेक तुकडा, त्याची मालकी आणि सिमलिंक ओळीने दाखवतो, त्यावरून कुठे काय राहिलं ते मला लगेच कळेल. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो चालेल, फक्त उजवी बाजू कापू नका, एररचे आकडे नेमके तिथेच असतात.